निर्गुडीचा वाफारा

“…पण मुरलेलं निघतं का, बाबा?”

करमशाह फकीर हमामाच्या भट्टीच्या तोंडाशी उकिडवा बसून बाभळीची लाकडं आत सारत होता. त्यानं मान वर केली नाही.

“काय मुरलंय?”

“काहीही. समजा, जुनं दुखणं. आत कुठं तरी घर करून बसलेलं. ते निघतं का, एवढंच सांगा.”

“गुडघा?”

“नाही.”

“पाठ?”

“नाही हो.”

“मग सर्दी. नाक तर लाल दिसतंय.”

“माझं नाक राहू द्या,” मन्मथप्पा म्हणाला. “विचारलं त्याचं उत्तर द्या.”

मन्मथप्पा शेटे गुळाचा व्यापारी. ढेप फोडल्याशिवाय, खडा जिभेवर ठेवल्याशिवाय त्यानं जन्मात कधी माल उचलला नव्हता. अंगाला वाफ लावून घ्यायची तरी त्याला आधी खात्री हवी होती, ती कशी लागते, किती आत जाते, आणि येताना काय घेऊन येते याची. पाच कोस गाडी हाकून माणूस आला, तर एवढं विचारणं गैर नव्हे.

फकिरानं शेवटचं लाकूड सारलं. हात झटकले.

“निघायचं असेल ते निघतं,” तो म्हणाला. “जेवून आलाय का?”

“नाही.”

“बरं केलंत. भरल्या पोटी मी कुणाला आत सोडत नाही.”

हा हमाम फार जुना. व्यापाऱ्यांचे तांडे जेव्हा त्या वाटेनं जात तेव्हाचा. बैल ओढ्यावर सोडायचे, माल सराईत उतरवायचा, आणि माणसांनी हमामात जाऊन हाडं मोकळी करून घ्यायची, असा रिवाज होता. पुढं रस्ता दुसरीकडून गेला. सराई पडली, तिचे दगड लोकांनी गोठ्यांना नेले. हमाम तेवढा राहिला, कारण करमशाहच्या गुरूनं तिथं आपला तकिया मांडला होता. फकिराच्या जागेचा दगड कोण उचलणार?

तीन खोल्या. पहिलीत कपडे काढायचे. मधली कोमट, तिथं अंगाला सवय करायची. तिसरी तापलेली. तिच्या फरशीखालून आग जायची, भिंतीत बसवलेल्या तांब्याच्या हंड्यात पाणी रटरटत असायचं, आणि वर घुमटाला बोराएवढाली भोकं, त्यातून उजेडाच्या काठ्या खाली उतरायच्या.

माणसं काय काय घेऊन यायची. एक पहिलवान खांदा धरला म्हणून बाजेवर घालून आणला होता, तो जाताना बाज स्वतःच्या डोक्यावर घेऊन गेला. एका भजन्याचा आवाज ऐन सप्ताहात बसला. वाफेत तो असा मोकळा झाला, की गडी अख्खं भजन म्हटल्याशिवाय बाहेर येईना, आणि बाहेर उघड्या अंगानं ताटकळलेली मंडळी त्याच्या नावानं बोटं मोडत होती. एक शेट पोट उतरवायला आला. उतरलंही थोडं. पण घाम गेल्यावर भूक अशी लागली की तो तिथून नीट हलवायाच्या दुकानात गेला. अशा गोष्टी बाजारात फिरत फिरत मन्मथप्पाच्या पेढीवर पोचल्या होत्या. गडी सांगायचे, गाडीवान सांगायचे. “तिथं आतलं सगळं निघतं, मालक,” असं कुणी तरी म्हणालं, आणि मन्मथप्पाचा तराजूवरचा हात थांबला होता.

“अंगठी काढा,” फकीर म्हणाला. “हातातलं कडंही.”

मन्मथप्पानं काढलं.

मग फकिराची नजर त्याच्या गळ्याकडं गेली. तिथं चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं.

“हे निघत नाही,” मन्मथप्पा म्हणाला. आवाजात थोडा ताठा आला.

“ठाऊक आहे. तुमच्याकडची माणसं येतात इथं.”

फकिरानं एक फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि लांबूनच पुढं केलं. डबीला त्यानं बोट लावलं नाही.

“गुंडाळून घ्या. चांदी तापते, छाती भाजेल. जे काढायचं नसतं ते ओलं ठेवावं.”

मग त्यानं मन्मथप्पाला पोटभर पाणी पाजलं, मधल्या खोलीत बसवलं, आणि अंग जरा सैल पडल्यावर आतलं दार उघडून दिलं.

“मी हाक मारली की यायचं. मनानं बसून राहायचं नाही.”

“चक्कर येते का?”

“शहाण्याला येते. वेड्याला कळत नाही.”

आत गेल्यावर पहिल्यांदा मन्मथप्पाला काही दिसेना. गरम ओलं कापड तोंडावर टाकावं तसं झालं. तो चाचपडत दगडी ओट्यावर बसला. श्वास बेतानं घ्यायला लागला. बरं वाटलं. खांदे उतरले. मानेतली एक शीर, जी दोन वर्षं ताठलेली होती, ती सुटल्यासारखी झाली.

तेवढ्यात फकिरानं बाहेरच्या बाजूनं हंड्यात निर्गुडीचा पाला टाकला.

कडवट, उग्र वास भिंतीतून आला.

मन्मथप्पा जागच्या जागी गोठला… एवढ्या उकाड्यात.

हिवाळ्यात गुळाच्या वखारीत दिवस दिवस बसलं की त्याला पडसं व्हायचं. मग त्याची बायको सुगला चुलीवर निर्गुडीचं पातेलं ठेवायची. त्याच्या डोक्यावरून घोंगडं टाकायची, पातेलं आत सरकवायची. लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. मन्मथप्पाला घोंगड्याच्या आतला अंधार सोसला नाही. एवढा बाप्या माणूस, पण जीव घाबरा झाला, आणि त्यानं घोंगडं भिरकावून दिलं. वर म्हणाला, “पातेलं फार तापलंय.”

सुगलानं काही विचारलं नाही. पुढच्या वेळी ती स्वतःच घोंगड्यात शिरली. पातेलं मधे, दोघं दोन बाजूंना, गुडघ्याला गुडघा. आणि बोलत राहिली. शेजारणीची म्हैस कशी परत आली, वाण्याच्या पोरानं तिखट कसं उधळलं, असलं काहीबाही. बाहेरून तिची सासू म्हणायची, “अगं, वाफारा त्याला द्यायचाय का तुला?” आणि आत हसू आवरताना दोघांच्या नाकात वाफ जायची.

पुढं दर हिवाळ्याला तसंच. पडसं नसलं तरी मन्मथप्पा एखाददा शिंकून दाखवायचा.

दोन वर्षांमागं सुगला तापानं गेली. ऐन श्रावणात. तेव्हापासून त्यानं वाफारा घेतला नव्हता. पडसं झालं तर होऊ द्यायचा.

आता त्या उजेडाच्या काठ्यांमधून वाफ हलत होती. डोळे मिटले की समोर कुणी तरी बसलंय, गुडघा गुडघ्याला लागेल एवढ्या अंतरावर. बोलत नव्हतं. पण होतं. मन्मथप्पानं हात पुढं केला नाही. केला असता तर कळलं असतं.

तो तसाच बसून राहिला.

“शेटजी.”

…

“शेटजी, या आता.”

…

शेवटी फकीर आत आला आणि त्याच्या दंडाला धरून त्याला मधल्या खोलीत घेऊन गेला.

“हाका मारतोय मी.”

“ऐकू आलं नाही.”

“कुणाचं ऐकत होता?”

“कुणाचं नाही,” मन्मथप्पा म्हणाला. मग घाईघाईनं हसला. अंगावरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, त्या त्यानं तळव्यांनी निपटून दाखवल्या. “बघा बाबा. केवढं निघालं. हलकं वाटतंय. गोणी उतरवल्यासारखं. एवढं पाणी गेल्यावर आत काय राहणार? मी उगीच शंका घेत होतो. निघालं सगळं.”

“निघालं?”

“निघालं.”

फकिरानं मान डोलावली. कोपऱ्यातला तांब्या उचलला. रांजणातल्या गार पाण्यानं तो काठोकाठ भरला, आत नेऊन ओट्यावर ठेवला, आणि परत येऊन बसला.

“हे कुणासाठी?”

“असंच.”

दोघं बसले. मन्मथप्पानं गुळाच्या भावाचं काही तरी काढलं. फकिरानं नुसतं हं हं केलं.

मग फकीर उठला, आतून तांब्या घेऊन आला, आणि मन्मथप्पाच्या पुढ्यात ठेवला.

तांब्याला घाम आला होता. थेंबावर थेंब. गळ्यावरून ओघळ पोटावर, पोटावरून बुडाशी. खाली फरशीवर ओलं कडं उमटलं.

“हाही घामाघूम झालाय,” फकीर म्हणाला. “याचं किती निघालं, बघा बरं.”

मन्मथप्पानं वाकून पाहिलं. पाणी काठोकाठ होतं.

तो बराच वेळ पाहत राहिला. व्यापारी माणूस. डोळ्यांसमोरचा माल नाकारता येत नाही.

“पावसाळ्यात आमच्या गुळाचं असंच होतं,” तो हळूहळू म्हणाला. “ढेपेला पाणी सुटतं. नवखा असला की म्हणतो, गूळ पाझरला, तूट आली. पण तूट येत नाही. काट्यावर ठेवला तर वजन वाढलेलं असतं. ते पाणी गुळाचं नसतंच. बाहेरचं असतं. गूळ ओढून घेतो…”

तो थांबला.

“मी काही म्हटलं नाही,” फकीर म्हणाला.

घुमटावरून एक थेंब पडला. मग दुसरा.

“मग लोक येतात कशाला तुमच्याकडं?” मन्मथप्पा एकदम चिडला. “पाच कोस आलो मी. जेवलो नाही. बाजार सोडून आलो.”

“गुडघ्याला येतात. पाठीला येतात. सर्दीला येतात.”

“आणि बाकीच्याला?”

“बाकीचं काय आहे ते तुम्ही अजून सांगितलं नाही.”

मन्मथप्पानं पंचा खांद्यावर ओढून घेतला. फरशीकडं बघत बोलायला लागला.

“येत्या सोमवारी पाट लागायचाय माझा. भावकीनं जुळवलंय. मीही हो म्हटलंय, कुणी जबरदस्ती केली नाही. घरात दिवा लावायला माणूस नाही, आणि मला… मला संध्याकाळी दुकान बंद करायला नको वाटतं. म्हणून हो म्हटलं. आता सोमवार जवळ आला, आणि मला झोप नाही.”

“का?”

“का काय? पहिली जात नाही म्हणून. वैद्य झाले. गुरव झाला. आमच्या स्वामींकडं गेलो, ते म्हणाले नामस्मरण करा. केलं. नाम घेता घेता भलतंच नाव तोंडात येतं.” त्यानं नाक पुसलं. “उद्या ती दुसरी घरात येईल. तिनं चहा केला तर मला वाटणार, सुगला साखर कमी घालायची. तिनं अंथरूण घातलं तर वाटणार, सुगला उशी भिंतीकडं ठेवायची. त्या बाईनं काय गुन्हा केलाय? माणसाला बोलवायचं तर जागा रिकामी करून बोलवावं. वखारीतसुद्धा जुनी रास हलवल्याशिवाय मी नवी उतरवत नाही. म्हणून म्हणतो, मुळापासून काढून द्या. आणखी लाकडं घाला, आणखी तापवा. मी बसतो. जीव गेला तरी बसतो.”

तांब्यावरचा एक ओघळ खाली उतरेपर्यंत करमशाह त्याच्याकडं बघत राहिला.

“बाई कोण आहे?”

“शिवकांता नाव. पलीकडल्या तालुक्यातली. नवरा किराणा दुकान चालवायचा. साप चावून गेला बिचारा. तीन वर्षं ती भावाकडंच आहे.”

“पाहिलंय तिला?”

“एकदा. बघायला गेलो होतो ना.”

“काय पाहिलं?”

मन्मथप्पानं आठवल्यासारखं केलं.

“गूळ-पाणी घेऊन आली. गूळ हलका होता. जुना, बुरा आलेला. भावानं कुठून उचलला कोण जाणे. मी खडा जिभेवर ठेवला आणि…”

फकीर हसायला लागला. आवाज न करता, पोट हलवून.

“गूळ पाहिला तुम्ही.”

“सवय हो बाबा. माझा काय इलाज?”

“आणि गुळानंतर?”

“गुळानंतर काय… पाण्याचं फुलपात्र ठेवलं तिनं. डावीकडं ठेवलं. मी उजवा हात पुढं केला तर हाताला लागेना. तिचा भाऊ तिला टोकून म्हणाला, इकडं ठेव की. मग मलाच म्हणाला, माफ करा शेटजी, तो आमचा जावई डावरा होता, हिच्या हाताला सवय पडलीय, जाईल हळूहळू.”

“मग?”

“मग तिनं ते उचलून उजवीकडं ठेवलं.”

“लगेच?”

मन्मथप्पानं हे आजवर आठवलं नव्हतं, किंवा आठवायचं टाळलं असेल. पत्र्याच्या खोलीत ते बसले होते. बाहेर कुणी तरी शेंगा फोडत होतं. फुलपात्र उजवीकडं ठेवल्यावर त्या बाईची बोटं त्याच्या काठावर राहिली होती, थोडा वेळ, एखादं झाकण घट्ट बसलं का ते बघावं तशी. मग तिनं पदर सारखा केला आणि ती आत गेली. आणि तो खडा चघळत बसला होता.

“लगेच नाही,” तो म्हणाला.

“बरं.”

आत हंड्यातलं पाणी गुरगुरत होतं.

मग फकिरानं अगदी सहज, एखाद्यानं बाजाराचा दिवस सांगावा तसं म्हटलं, “शुक्रवारी हमाम बायकांचा असतो. माझी बहीण भट्टी बघते. तिला पाठवा.”

“कुणाला?”

“तुमच्या शिवकांताबाईला. सोमवारच्या आत होऊन जाईल. लाकडं जास्त घालायला सांगतो बहिणीला. तुम्ही म्हणता तसं, मुळापासून. तो डावा हात तिच्या डोक्यातून काढून टाकू. जागा रिकामी करून तुमच्याकडं धाडू.”

मन्मथप्पानं पटकन वर पाहिलं. फकिराच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तो खरंच उत्तराची वाट बघत होता.

मन्मथप्पाच्या डोळ्यांपुढं ती बोटं आली. त्या बोटांखालून कुणी तरी ते फुलपात्र ओढून घेतंय, असं त्याला दिसलं. मग ती बाई तशीच बसलेली, हात रिकामा, आणि कुठं ठेवू ते तिला कळत नाहीये. जीव तुटला तो सुगलासाठी की त्या दुसरीसाठी, ते त्याला सांगता आलं नसतं.

“नको,” तो म्हणाला.

“का? चांगली बहीण आहे माझी. हात हलका आहे तिचा.”

“नको, बाबा.”

“भाव जास्त वाटतो का? मी काही घेत नाही.”

“तसं नाही.” मन्मथप्पानं ओल्या फडक्यातली डबी मुठीत धरली. “ठेवू दे तिला डावीकडं. मी घेईन हात लांब करून.”

हे बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटल्यासारखा तो बसून राहिला. गालावरून पाणी उतरत होतं. ते कुठलं, हे त्यानं या वेळी कुणाला दाखवलं नाही, आणि पुसलंही नाही.

थोड्या वेळानं तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. खुंटीवरचं धोतर घ्यायला पहिल्या खोलीकडं वळला. पाच कोस परत जायचं होतं, बैल ओढ्यावर उभे होते, आणि उन्हं कलायला लागली होती.

करमशाहनं आतल्या दाराची फळी पायानं उघडून धरली. निर्गुडीच्या वाफेचा लोट त्याच्या खांद्यावरून बाहेर आला.

“घाई कसली करता, शेटजी? जा, बसा अजून थोडा वेळ. भट्टी काही लगेच विझत नाही.”